शे नू, म्हणजे आमच्याकडे

शनिवारी सकाळी साडेदहाला आमच्या हॉलमधला टीपॉय भिंतीला सरकतो, सतरंजी पडते आणि एकेक करत मुलं येतात. सगळी आमच्याच इमारतीतली, सात ते दहा वयाची. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला की आमच्या समोरच्या सिरियन आजी दार उघडून मोजतात आणि हसून पुन्हा लावून घेतात. ही शिकवणी नव्हे, फी वगैरे काही नाही. झालं असं, की २०२३च्या सप्टेंबरात मुलांच्या शाळेत फ्रेंच सुरू झालं आणि माझ्या लेकीने लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "माझ्या आईला फ्रेंच येतं." त्या लिफ्टमध्ये तीन आया होत्या. पुढच्या शनिवारी सतरंजी पडली.

मला फ्रेंच येतं हे खरं, पण ते कसं आलं हे सांगायची थोडी लाज वाटते. पुण्यात अकरावीला मी मराठी सोडून फ्रेंच घेतलं. का, तर 'स्कोअरिंग' म्हणून. आमच्या वेळी विज्ञान शाखेतली निम्मी मुलं तेच करत होती, अजूनही करतात. आजोबा फक्त एवढंच म्हणाले, "मार्कांसाठी भाषा बदलायची म्हणजे गंमतच आहे." मार्क चांगले पडले. बोलता मात्र एक वाक्य येत नव्हतं. ते आलं पुढे ग्रनोबलला, पीएचडी करताना. पाणी गोडं करणाऱ्या पटलांवर माझं काम होतं. तिथे प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागायचं, पण घर शोधताना भागायचं नाही. बँकेत खातं उघडायला राहत्या पत्त्याचा पुरावा हवा आणि घर भाड्याने घ्यायला बँकेचं खातं हवं, या चक्रात मी तीन आठवडे फिरले. त्या तीन आठवड्यांत मला घराविषयीचे जेवढे फ्रेंच शब्द आले, तेवढे बारावीपर्यंत आले नव्हते. लेक ग्रनोबललाच जन्मली, पण दोन वर्षांची असताना आम्ही पुण्याला परतलो आणि २०२१ मध्ये इथे अबू धाबीला आलो. तिला फ्रेंच शून्य.

तर आमच्या वर्गातला पहिला मोठा धडा होता 'ला मेझाँ', म्हणजे घर. पुस्तकात एक घर उभं कापून दाखवलं होतं, आपण कलिंगड कापून दाखवतो तसं. खाली तळघर, ला काव. त्यावर स्वयंपाकघर, बसायची खोली. वर झोपायच्या खोल्या. सगळ्यात वर उतरत्या छपराखाली ल ग्रन्ये. बाहेर बाग, बागेत कुत्रा. मुलांनी ते चित्र परीकथेतलं असावं तसं पाहिलं. सातही मुलं फ्लॅटमध्ये वाढलेली. तळघर म्हणजे त्यांच्या लेखी गाड्या लावायची जागा, आणि छप्पर म्हणजे जिथे एसीची यंत्रं असतात आणि जायला परवानगी नसते ती जागा.

"ग्रन्ये म्हणजे काय?" या प्रश्नावर मी इंग्रजीतून समजावू लागले, तेवढ्यात पाचव्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आंटी, म्हणजे माळा!"

ती रत्नागिरीजवळच्या एका गावची. तिच्या आजोबांच्या पिढीपासून घरातली माणसं आखातात आहेत. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांसारखं त्यांचंही गावातलं कौलारू घर आहे आणि दर सुट्टीत ते उघडलं जातं. तिने मग सगळ्यांना ते घर समजावून सांगितलं. पडवी कुठे, माजघर कुठे, माळ्यावर चढायची शिडी कशी हलते, वर जुनी भांडी आणि पावसाळ्यासाठी सुकी लाकडं कशी रचलेली असतात. ग्रन्ये हा शब्द मुळात धान्य साठवायच्या जागेचा, त्यामुळे तिचं भाषांतर माझ्यापेक्षा चोख होतं. मी तिला विचारलं, "अंगणात काय काय करता?" ती म्हणाली, "अंगणात नाही जात. पाऊस असतो ना." तेव्हा माझ्या लक्षात आलं. इथल्या शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे या पोरीने कोकण पाहिलं ते फक्त पावसातलं. मे महिन्यातला आंबा, वाळत घातलेली साटं, रात्री अंगणात टाकलेल्या बाजा, यातलं काही तिने पाहिलेलंच नाही. तिच्या घराला एकच ऋतू आहे.

माझी लेक हे ऐकत बसली होती. तिने वहीत 'ग्रन्ये' पुढे 'माळा' लिहिलं आणि मला हळूच विचारलं, "आई, माजघर म्हणजे हॉल का?" मी हो म्हणाले, मग नाही म्हणाले, मग म्हणाले नंतर सांगते. आमच्या घरात किचन, बेडरूम, हॉल, बाल्कनी हेच शब्द आहेत. मी पुण्यात वाढले तेव्हाही तेच होते. दर शनिवारी 'ला क्विझीन'चा उच्चार मी मुलांकडून दहादा घोटून घेते, आणि स्वयंपाकघर हा शब्द मी लेकीसमोर शेवटचा कधी उच्चारला ते आठवत नाही.

घरचा अभ्यास होता, 'तुमचं घर काढा आणि नावं लिहा.' सातव्या मजल्यावरचा मल्याळी मुलगा, वय नऊ, त्याने घर काढलंच नाही. त्याने लिफ्टमधली बटणांची पाटी काढून आणली. खाली जी, त्यावर एम, मग एकपासून बारा, आणि सातभोवती लाल गोल. मला आधी वाटलं चेष्टा आहे. पण त्याने प्रत्येक बटणापुढे फ्रेंच लिहिलं होतं. जीपुढे 'रे-द-शोसे', म्हणजे तळमजला. एकपुढे 'प्रम्ये एताज', पहिला मजला. एमपुढे प्रश्नचिन्ह. तो म्हणाला, "पुस्तकात एम नाही." मी म्हटलं, एम म्हणजे मेझनीन, इटलीतून फ्रान्समध्ये आलेला शब्द आहे तो, तू रोज बोटाने दाबतोस. रत्नागिरीच्या मुलीकडे पाहून मराठीत म्हटलं, "पोटमाळा." ती खूश झाली. इमारतीत माळा निघाला एकदाचा.

दुसरा धडा गावातल्या जागांचा, आणि तिथे पुस्तक पारच कोलमडलं. यादीत होतं ला मेरी म्हणजे नगरपालिकेची कचेरी, लेग्लीज म्हणजे चर्च, ला पोस्त, ला बूलाँजरी म्हणजे पाववाल्याचं दुकान, आणि ला गार म्हणजे रेल्वे स्टेशन. फ्रान्समधल्या कित्येक छोट्या गावांत हे पाचही दहा मिनिटांत पायी सापडतं. अबू धाबीत तेव्हा प्रवासी रेल्वे नव्हती. दुबईत २००९ पासून मेट्रो आहे, म्हणून एका मुलाने स्टेशन पाहिल्याचा दावा केला, तो आम्ही मान्य केला. पोस्टमन ही चीज मुलांना ठाऊक नाही. इथे पत्रं वर्षानुवर्षं पोस्ट ऑफिसातल्या क्रमांकाच्या पेटीत जातात आणि ती पेटीही बहुधा बाबांच्या कंपनीची असते. पाव मिळतो तो बकाल्यात. कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला इथे सगळे बकालाच म्हणतात, मराठी माणसंसुद्धा.

मग मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आपल्या गावात फ्रेंच कुठे कुठे लपलंय ते शोधू. एक मोठा कार्डपेपर आणला आणि आमच्या वस्तीचा नकाशा काढला. पहिला शब्द निघाला कॉर्निश. दर गुरुवारी संध्याकाळी ज्या समुद्राकाठच्या रस्त्यावर ही मुलं सायकल चालवतात, त्याचं नावच फ्रेंच. दुसरं कॅरफोर. जिथून सगळ्यांच्या घरी दूध येतं त्या दुकानाच्या नावाचा अर्थ चौक, हे ऐकून मुलं लोळायचीच बाकी राहिली. फ्रान्समधल्या आनसी गावात १९६० साली त्यांचं पहिलं दुकान एका चौकाजवळ निघालं, म्हणून हे नाव. तिसरं अर्थात लूव्र.

उलटी वाटही सापडली. फ्रेंचमध्ये दुकानाला मागाझँ म्हणतात, तो शब्द अरबी मखाझिनवरून आला, म्हणजे कोठारं. अरबी इथल्या शाळेत सक्तीचं, त्यामुळे हे मुलांना पटकन कळतं. अरबी कुर्सी ती आपली खुर्ची, अरबी दुक्कान ते आपलं दुकान. विमानतळावर फ्रेंचमध्ये कस्टम्सला दुआन म्हणतात, आणि आपल्या जुन्या वाड्यांतला दिवाणखाना, या दोन्हींच्या मुळाशी एकच 'दिवान' आहे. एक सीमेवर अडवतो, दुसरा घरात बसवतो. हे मात्र मी मुलांना नाही सांगितलं, घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "छान आहे, पण चहा उतू गेला."

नकाशा झाल्यावर दिशा. आ कोते द म्हणजे शेजारी, आँ फास द म्हणजे समोर, देर्रिएर म्हणजे मागे. मला वाटलं होतं, हा भाग जड जाईल. झालं उलटंच. "तू कुठे राहतोस?" या प्रश्नाला ही मुलं जन्मापासून 'अमुक बँकेच्या मागे, तमुक फार्मसीच्या समोर' असंच उत्तर देत आली आहेत. टॅक्सीवाल्याला, जेवण घेऊन येणाऱ्या पोराला, आजी-आजोबांना. आपल्याकडचा पत्ता तरी दुसरा काय असतो? मारुतीच्या देवळामागे, गिरणीसमोर. अबू धाबी सरकारने अलीकडे रस्त्यांना नवी नावं आणि दारांना क्रमांक दिलेत, त्या योजनेचं नाव ओनवानी, म्हणजे 'माझा पत्ता'. दुबईतल्या दहा आकड्यांच्या ठिकाण-क्रमांकाचं नाव मकानी, म्हणजे 'माझी जागा'. भाडेकरार नोंदवायच्या तिथल्या व्यवस्थेचं नाव इजारी, म्हणजे 'माझं भाडं'. शेवटचा तो 'ई' म्हणजे माझं. जिथे आमच्यातल्या बहुतेकांचं राहणं कुठल्यातरी मुदतीला बांधलेलं आहे, तिथे सरकारी कागदांची नावं मात्र सगळी 'माझं, माझं' म्हणतात.

एका शनिवारी आम्ही मुलांना लूव्रला नेलं. अठराच्या आतल्यांना तिकीट नाही आणि पाट्या अरबी, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत आहेत, त्यामुळे आमच्या वर्गासाठी याहून चांगलं पुस्तक नव्हतं. फ्रेंच वास्तुकार झाँ नूव्हेल यांनी तिथे पांढऱ्या छोट्या छोट्या इमारतींचा पुंजका समुद्रात उभा केला आहे आणि त्यावर १८० मीटर व्यासाचा जाळीदार घुमट ठेवला आहे. उन्हाचे ठिपके अंगावर पडतात, ताडमाडाच्या झापांच्या मांडवाखाली पडतात तसे. इमारतींमधून गल्ल्या आहेत, चौक आहेत. सातव्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "हे म्यूझे नाही, व्हिलाज आहे. पण इथे राहतं कोण?" राहत कोणीच नाही, हे सांगताना मला दुसरंच काहीतरी आठवत होतं. लूव्र हे नाव पॅरिसकडून करारावर घेतलेलं आहे. २००७ साली दोन सरकारांत करार झाला, २०१७ मध्ये संग्रहालय उघडलं, पुढे मुदत वाढवून २०४७ पर्यंत नेली. एवढ्या मोठ्या घुमटाचं नावसुद्धा मुदतीवर. माझ्यापेक्षा त्याची मुदत बरी.

कारण तोवर माझं पत्र आलं होतं. पोस्टडॉकचा करार या ऑगस्टमध्ये संपतो, प्रकल्पाचा निधी संपला, नूतनीकरण नाही. पत्र सभ्य होतं, आभार मानलेले होते. नवऱ्याचं काम इथून-तिथून कुठूनही होतं, पण आमचा निवासी परवाना, घर, विमा सगळं माझ्या नोकरीवर. मी अर्ज करू लागले. एक पुण्यात, दोन फ्रान्समध्ये, एक सिंगापूरला. लेकीला काही सांगितलं नाही. परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं. परीक्षा झाली, मग म्हटलं सहल होऊ दे.

त्याच सुमारास वर्गात 'शे' आला. फ्रेंचमध्ये आपल्या 'घरी' या शब्दासाठी दरवेळी वेगळं नाम वापरावं लागत नाही. मेझाँ म्हणजे भिंतींचं घर. 'मी घरी आहे' म्हणायचं तर 'शे म्वा', माझ्याकडे. 'आमच्या घरी' म्हणायचं तर 'शे नू'. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे समजावताना शिक्षकांच्या तोंडाला फेस येतो. मला एक वाक्य पुरलं. रत्नागिरीच्या मुलीला आणि माझ्या लेकीला म्हटलं, "शे नू म्हणजे आमच्याकडे." आपण म्हणतो ना, आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. आमच्याकडे आमटीत गूळ घालतात. आमच्याकडे यंदा पाऊस लवकर आला. त्या एका शब्दात घर येतं, घराणं येतं, गावही येतं, आणि पत्ता एकदाही सांगावा लागत नाही. फ्रेंच माणूसही शे नू असंच वापरतो, घरासाठी, प्रांतासाठी, देशासाठी. मराठीतली कड म्हणजे बाजू. फ्रेंचमधला शे तर चक्क लॅटिनमधल्या कासा या घरवाचक शब्दावरून आलेला. हजारभर वर्षं बोलता बोलता घराचे वासे, भिंती, कौलं सगळं झिजलं आणि उरलं एक अव्यय. माणसाला चिकटून चालणारं.

त्या दिवशी मुलांनी कागदाच्या पट्ट्यांवर 'शे' आणि आपापलं नाव लिहिलं आणि नकाशात आमच्या इमारतीवर सातही पट्ट्या चिकटवल्या.

मार्चमध्ये सातव्या मजल्यावरच्या मुलाच्या वडिलांची नोकरी गेली. आखातात हे कसं कळतं, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आधी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर सोफ्याचा फोटो येतो, मग फ्रिजचा, मग मुलाच्या सायकलचा. शेवटी कुंड्या फुकट. परवाना रद्द झाल्यावर मिळालेल्या मुदतीत ते त्रिशूरकडे गेले. शेवटच्या शनिवारी तो आला, नेहमीसारखा बसला, जाताना लिफ्टच्या बटणांचं ते चित्र मला देऊन गेला. "तिथे लिफ्ट नाही," म्हणाला. फ्रेंचमध्ये म्हणाला. वाक्य अचूक होतं. मी नेहमीसारखं शाबास म्हणू शकले नाही.

पुढच्या शनिवारी नकाशासमोर भांडण लागलं. त्याची पट्टी काढायची की नाही? एकाचं म्हणणं, तिथे आता दुसरं कोणी राहायला येणार. दुसऱ्याचं म्हणणं, ठेवू या, आठवण म्हणून. रत्नागिरीची मुलगी उठली. तिने पट्टी नखाने हलकेच सोडवली आणि कार्डपेपरच्या अगदी कडेला, निळ्या रंगवलेल्या समुद्राच्या पलीकडे, नेऊन चिकटवली. म्हणाली, "शे ल्वी. तो तिकडे गेला, तर शे पण तिकडे." व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक काढायला जागा नव्हती.

त्या रात्री मी लेकीला सांगायला बसले. सुरुवात कशी करावी ते जुळवत होते, तर तीच म्हणाली, "आपण पण जाणार आहोत ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तू तांदूळ दोन किलोचा आणलास. नेहमी दहाचा आणतेस. आणि दोनदा आणलास."

मी काय बोलणार? एवढं विचार करून लपवलेलं तांदळाच्या पिशवीने फोडलं होतं. कुठे जाणार, हे तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की अजून ठरलेलं नाही, चार ठिकाणी अर्ज केलेत, मे महिन्यापर्यंत कळेल. नवी शाळा, नव्या मैत्रिणी, सायकल नेता येईल का, असे प्रश्न आले. ती थोडी रडली. मीही. मग तिने विचारलं, "पुण्यात गेलो तर मराठी घ्यायचं का फ्रेंच?" आजोबा आठवले. मी म्हटलं, "दोन्ही. आणि मराठी मार्कांसाठी नाही." तिला यातलं किती कळलं कोण जाणे. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग आता सांग, माजघर म्हणजे नक्की काय?"

त्या दिवशीचं 'नंतर सांगते' तिने सोडलं नव्हतं. मी वहीच्या मागच्या पानावर माझ्या आजोबांचं सातारकडचं घर काढलं. मला आठवलं तेवढं. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, त्याच्या मागे परस. देवघर कुठल्या भिंतीला होतं, ते आठवेना, म्हणून रात्री दहाला, म्हणजे तिकडे साडेअकराला, आईला फोन केला. आई झोपेतून उठली, घाबरली, मग खुलली आणि पाऊण तास बोलत राहिली. त्या घरात आता कोणी राहत नाही. पण आईच्या बोलण्यात ते अजून 'आमच्याकडे'च होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने नकाशावरची आपली पट्टी काढून घेतली. मी म्हटलं, "अगं, ऑगस्टपर्यंत आहोत की इथे." ती म्हणाली, "माहितीये. पण तेव्हा घाईत राहून जाईल." पट्टी तिच्या कंपासपेटीत आहे, मागचा डिंक वाळलाय.

शनिवारी वर्ग आहे. धडा दुकानांचा. साडेदहाला, नेहमीप्रमाणे, आमच्याकडे.